ब्रश दिसला की तात्या दिवाणाखाली! पिल्लाला ग्रूमिंगची सवय कशी लावावी?

मिरजेची_मीनल | ८ जुलै, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे नुकतंच शित्झू जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आलंय. वय अकरा आठवडे, नाव तात्या. (नाव लेकीने ठेवलं. सासऱ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलंय.) मूळची मिरजेची असले तरी सध्या मुक्काम डोंबिवली, दुसरा मजला, वन बीएचके.

ज्यांच्याकडून आणलं त्यांनी दहादा बजावलंय की या जातीचे केस फारसे गळत नाहीत, वाढतच राहतात. रोज विंचरलं नाही तर जटा होतात. म्हणून ब्रश आणला. तात्याला ते खेळणं वाटलं. दातात धरून ओढाओढी सुरू. रोज तेच व्हायला लागलं तेव्हा अहोंनी त्याला मांडीत दाबून धरलं आणि मी विंचरलं. आता ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला तरी साहेब दिवाणाखाली. त्यात लस द्यायला नेलं तेव्हा तिथल्या मदतनिसाने 'आलाच आहात तर' म्हणून नखं कापून टाकली. एक नख खोल गेलं, रक्त आलं. तेव्हापासून पंजाला हात लावू देत नाही.

घरात दोन पक्ष आहेत. अहो म्हणतात, धरायचं आणि दोन मिनिटांत उरकायचं, सवय होते. सासूबाई म्हणतात, लेकरू आहे, मोठं झालं की कळेल, तोवर नको त्याच्या मागे लागू. मला दोन्ही पटत नाही, पण तिसरं काय ते सुचत नाही. पार्लरला कधीपासून नेता येतं? आंघोळ किती दिवसांनी? अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

खवय्या_खंडू | ८ जुलै, रात्री १०:३१

तात्या या नावाला तीव्र आक्षेप. आमच्याकडे ओरिजिनल तात्या आहेत, तेही कंगवा दिसला की उठून जातात. कंगव्याला काम उरलेलं नाही हा भाग वेगळा.

पाऊलखुणा | ८ जुलै, रात्री ११:०५

मीनलताई, तो ब्रश काही दिवस नजरेआड करा. आणि ड्रॉवर उगाचच उघडत बंद करत जा, आवाज झाला की एक खाऊचा तुकडा जमिनीवर टाका आणि निघून जा. ब्रश बाहेर काढायचाच नाही. ड्रॉवर वाजला म्हणजे काहीतरी चांगलं होतं एवढंच त्याच्या डोक्यात बसू दे.

मग दुसरा ब्रश आणा, दिसायला वेगळा, मऊ. जमिनीवर ठेवायचा. हुंगायला आला की तुकडा. (उकडलेलं चिकन नाहीतर पनीर, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. मोठे तुकडे दिलेत तर चार घासात पोट भरेल आणि शिकवणी बंद.) पुढे ब्रशची गुळगुळीत पाठ खांद्याला नुसती टेकवायची, तुकडा. मग एकदाच फिरवायचा, तुकडा. झालं, उठा. त्याला अजून हवंसं वाटत असतानाच थांबायचं.

क्रम मात्र नीट पाळा. आधी ब्रशचा स्पर्श, नंतर खाऊ. बरेच जण आधी खाऊ तोंडासमोर धरतात आणि तो खाण्यात गुंतला की हळूच मागून ब्रश चालवतात. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की चिकन दिसलं म्हणजे काहीतरी गडबड आहे. माझ्या मावशीच्या कॉकर जातीच्या कुत्र्याने अशाने चिकन खायचं सोडलं होतं, ब्रशची भीती होती तशीच.

अण्णा_लातूरकर | ९ जुलै, सकाळी ७:१२

तुम्ही शहरातली माणसं फार लाड करता. आमच्या शेतावर कायम कारवान जातीची कुत्री असायची. ब्रश नाही, शाम्पू नाही, पार्लर नाही. नदीला गेला की आंघोळ झाली. अहोंचं बरोबर आहे. एकदा घट्ट धरा, उरका. कुत्र्याला कळलं की सुटका नाही, की गप बसतं.

तर्कटराव | ९ जुलै, सकाळी ८:४०

अण्णा, कारवानाच्या अंगावर ब्रश करण्याएवढे केस असतात का?

अण्णा_लातूरकर | ९ जुलै, सकाळी ८:५५

नसतात. म्हणून तर म्हणतो, असलं कुत्रं पाळावं.

गुरांचा_डॉक्टर | ९ जुलै, दुपारी २:२०

पशुवैद्य आहे, साताऱ्याकडे. नावाप्रमाणे गाई-म्हशींचं काम जास्त, पण हल्ली दवाखान्यात कुत्रीही तेवढीच येतात. जरा सविस्तर लिहितो.

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नवीन गोष्टी सहज स्वीकारतं. माणसं, आवाज, जमिनीचे प्रकार, अंगाला होणारे स्पर्श, सगळं. त्यानंतर सवय लागत नाही असं नाही, पण कष्ट वाढतात. तुमचा तात्या अकरा आठवड्यांचा आहे, म्हणजे 'मोठं झालं की कळेल' हा सासूबाईंचा सल्ला प्रेमाचा असला तरी वेळ चुकवणारा आहे. अहोंचा सल्लाही चुकीचाच. दाबून धरलेलं पिल्लू गप बसतं ते सवय झाली म्हणून नाही, पर्याय संपला म्हणून. ते पुढे वजन आणि दात आले की हिशोब चुकता करतं. सात-आठ महिन्यांची, 'काल-परवापर्यंत गरीब होता हो' म्हणून आणलेली कुत्री आम्ही नेहमी बघतो.

लसी: पिल्लाच्या लसी सहा-आठ आठवड्यांना सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. पार्व्होचा (पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांचा) विषाणू जमिनीवर, भांड्यांवर महिनोन्महिने टिकतो. त्यामुळे जिथे दहा कुत्री येऊन जातात अशा पार्लरला हा कोर्स पूर्ण झाल्यावर, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच न्या. घरात हाताळायला मात्र आजपासून कसलीच आडकाठी नाही.

रेबीजची लस तीन महिन्यांनंतर होते. तोवर आणि नंतरही, विंचरताना दात लागला, नख ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरला दाखवायची. 'घरचंच पिल्लू आहे' म्हणून हळद लावून बसू नका.

नखांबद्दल: पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे कापायचं. काळ्या नखात काही दिसत नाही, तिथे टोक टोक करत कापायचं आणि कापलेल्या भागात मधोमध गडद ठिपका दिसायला लागला की थांबायचं. रक्त आलं तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरा. तुरटीने थांबतं, पण झोंबते, आणि तुमच्या तात्याच्या पंजाला आधीच एक वाईट आठवण आहे.

खवय्या_खंडू | ९ जुलै, दुपारी २:४१

डॉक्टर, प्रतिसाद सेव्ह केलाय. कुत्रं नाहीये, तरी केलाय.

सदाशिव_पेठी | ९ जुलै, संध्या. ६:०३

मूळ मुद्दा कोणाच्याच लक्षात आलेला नाही. पहिले केस कापायचे म्हणजे हे तात्याचं जावळ. ते मामाच्या मांडीवर बसवून काढतात. मीनलताई, तुमच्या भावाला बोलवा. चांदीची वाटी विसरू नका म्हणावं.

मिरजेची_मीनल | ९ जुलै, रात्री ९:३०

भावाला धागा दाखवला. तो म्हणाला, जावळाला हरकत नाही, आहेर कुत्र्याच्या आई-वडिलांनी करायचा असतो ना?

डॉक्टर, पाऊलखुणा, खूप आभार. ड्रॉवरचा उद्योग आज सुरू केला. अहोंना तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ते सध्या 'ठीक आहे, बघू' या टप्प्यावर आहेत. सासूबाईंना वाचून दाखवलेला नाही.

लेस्टरची_लेक | १० जुलै, रात्री १:५०

हा धागा बघून राहवलं नाही. मी इथे इंग्लंडमध्ये कुत्र्यांच्या सलूनमध्ये काम करते, ग्रूमिंगचा रीतसर कोर्स केलेला आहे. टेबलाच्या आमच्या बाजूने काय दिसतं ते लिहिते.

पाठ कोणीही विंचरू देतं. मालक येतात आणि म्हणतात, रोज ब्रश करतो हो आम्ही. वरून केस रेशमी असतात. मी स्टीलचा कंगवा घालते तर तो अर्ध्यात अडकतो, कारण मुळाशी वाकळ झालेली असते. ब्रश नुसता वरून फिरलेला असतो. शित्झूत या जटा ठरलेल्या जागी होतात: कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी, मागच्या मांडीच्या आत. म्हणून एका हाताने वरचे केस उचलून धरायचे, खालची एक ओळ सोडायची, ती मुळापासून विंचरायची, मग वरची ओळ सोडायची. आणि शेवटी कंगवा. ब्रशवर विश्वास ठेवू नका, कंगवा खरं बोलतो. गाठ लागली तर तिच्या मुळाशी, कातडीजवळ, केस चिमटीत पकडा आणि टोकाकडून सोडवत या, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. अंगात जटा असताना आंघोळ घालू नका, पाणी लागून त्या आवळतात.

पिल्लूपणीचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे यायला लागतात तेव्हा, म्हणजे साधारण वर्षाच्या आतबाहेर, जटांचा कहर होतो. काल सोडवल्या, आज हजर. तेव्हा सवय लावायला घेतलीत तर उशीर. आत्ता तात्याच्या अंगावर विंचरण्यासारखं फार काही नसेल, आणि म्हणूनच आत्ता विंचरा.

आता घरी कोणी शिकवत नाही अशी एक गोष्ट. डोळ्यांभोवतीचे केस कापताना आम्ही कुत्र्याच्या हनुवटीखालची दाढी बोटांत धरतो. शित्झूचे डोळे मोठे आणि पुढे आलेले. कात्रीचं टोक तिथे असताना मान झटकली तर काय होईल विचार करा. ज्या पिल्लाला दाढी धरलेली माहीत नसते ते नेमकं त्याच क्षणी मागे ओढतं. तर रोज, टीव्ही बघता बघता, हनुवटीखाली तळहात ठेवा. तो डोकं टेकवून राहिला की खाऊ. ते जमलं की अंगठा आणि बोटात दाढीचे थोडे केस हलकेच धरा, सोडा, खाऊ. मग धरलेले असताना दुसरा हात डोळ्याजवळ न्या. मग हातात चमचा घेऊन न्या. कात्री सगळ्यात शेवटी, तीही न कापता.

मशीनचंही तसंच. ट्रिमर बंद ठेवून त्याची पाठ अंगाला लावा. दुसऱ्या दिवशी लांब कुठेतरी चालू करून ठेवा. इलेक्ट्रिक टूथब्रश घरात असेल तर त्याची मागची बाजू उत्तम, कंप कळतो आणि काही कापलं जात नाही. खरा ट्रिमर वापराल तेव्हा पातं मधूनमधून स्वतःच्या मनगटाला लावून बघा, फार पटकन तापतं.

आणि टेबल. वॉशिंग मशीनवर रबरी मॅट टाका, वर त्याला ठेवा, खाऊ द्या, उतरवा. हात त्याच्यावरून काढायचा नाही, उडी मारतात. पाय घसरत असले की निम्मी कुत्री तिथेच बिथरतात, ब्रशचा दोष नसतोच.

पाऊलखुणा | १० जुलै, सकाळी ९:१५

लेकबाई, दाढीचं कधी वाचलं नव्हतं. मस्तच.

तर्कटराव | १० जुलै, सकाळी ११:२०

सगळं छान. पण 'तो स्वतःहून डोकं टेकवेल', 'त्याला हवंसं वाटत असताना थांबा'... आता कुत्र्याची लेखी संमती घ्यायची का? स्टॅम्पपेपरवर? तात्याने नाही म्हटलं तर?

पाऊलखुणा | १० जुलै, दुपारी १२:०५

तर्कटराव, नाही म्हटलं तर थांबायचं. तेच तर आहे.

चिराग पटेल म्हणून ब्रिटनमधले एक प्रशिक्षक आहेत, त्यांचा 'बकेट गेम' बघा. एका डब्यात खाऊ ठेवायचा. कुत्रं डब्याकडे बघतंय तोवर तुमचा हात त्याच्या कानाकडे जाणार. त्याने नजर वळवली की हात तिथल्या तिथे थांबणार, मागे येणार. पुन्हा बघितलं की पुन्हा सुरू. कुत्र्यांना हे फार लवकर उमगतं, की हात थांबवणं आपल्या हातात आहे. आणि गंमत म्हणजे ते थांबवायचं कमी होतं. आमच्या लॅब्रॅडॉरच्या कानात दर पावसाळ्यात संसर्ग, औषध घालताना आधी दोघं जण लागायचे. आता मी एकटी घालते.

आणि नाही म्हणणं म्हणजे गुरगुरणंच नव्हे. ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, एकदम दगड होऊन बसणं. शेवटचं लोकांना 'शहाणा झाला' असं वाटतं.

अण्णा_लातूरकर | १० जुलै, दुपारी ३:३०

हे शेवटचं वाक्य वाचून थांबलो. आमचा एक कारवान होता, वाघ्या. परक्याला अंगाला हात लावू द्यायचा नाही, ही जातच तशी. घरातल्यांनी धरला की दगड होऊन उभा राहायचा. आम्ही म्हणायचो, बघा किती आज्ञाधारक.

पण गुरांचं सांगतो, तिथे आम्ही घाई करत नव्हतो. वासरू असतानाच वडील रोज संध्याकाळी पाठीवरून, पायांवरून, खुरांवरून हात फिरवायचे. खरारा नंतर. मोठेपणी नाल मारायला पाडावं लागतं बैलाला, पण खूर उचलून बघायचा तर आमचे बैल उभ्या उभ्या पाय द्यायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला, हळद-लोणी चोळताना माना खाली घालून उभे. हे कुत्र्याला लावायचं कधी डोक्यात आलं नाही, कारण कुत्र्याचं काही काम अडत नव्हतं.

धरा-उरका मागे घेतो. लाड मात्र करताच तुम्ही लोक.

खवय्या_खंडू | १० जुलै, दुपारी ३:४४

अण्णांनी मत बदललं! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे कोणीतरी.

नागपूरची_संत्री | ११ जुलै, दुपारी १:००

थोडं अवांतर. आमच्याकडे पॉमेरेनियन आहे. मे महिन्यात नागपूरला पारा पंचेचाळीसला टेकतो. पार्लरवाला म्हणाला, पूर्ण झिरो मारून टाकू, गार वाटेल. मारलं. आता पावसाळा आला तरी पाठीवर केस धड येत नाहीयेत, आले ते चट्ट्याचट्ट्याने. कोणाला अनुभव?

गुरांचा_डॉक्टर | ११ जुलै, संध्या. ५:४५

पॉम, हस्की, गोल्डन, लॅब यांना दुहेरी केस असतात, वरचे राठ आणि आतली मऊ लोकर. ते थंडीसाठी असतात तसे उन्हापासूनही वाचवतात. मशीनने कातडीपर्यंत कापले की कधी कधी, पॉममध्ये विशेषच, परत येताना फार वेळ लावतात किंवा पोत बिघडतो. एकदा थायरॉइड वगैरे तपासून घ्या, बाकी वाट बघणं आहे. उन्हाळ्यात अशांची आतली मेलेली लोकर विंचरून काढायची, वारा आत खेळतो.

शित्झूचं वेगळं. त्याचे केस वाढत राहतात, सगळीकडून आखूड ठेवले तर काही बिघडत नाही. उलट डोंबिवलीच्या दमट हवेत आखूडच बरे. झिरो मात्र कोणाचंच नको.

देशी_ठेका | ११ जुलै, रात्री ८:२०

म्हणून म्हणतो, देशी कुत्रं घ्या. ना जटा, ना पार्लर, ना हजार-दीड हजाराचं बिल.

पाऊलखुणा | ११ जुलै, रात्री ८:५१

देशी घ्याच, शंभर टक्के अनुमोदन. पण हाताळायची सवय त्यालाही लावा. बाकीची नखं रस्त्यावर झिजतात, आतल्या बाजूचं वर असलेलं अंगठ्याचं नख जमिनीला लागतच नाही. ते गोल वळून मांसात घुसलेली देशी कुत्री मी पाहिली आहेत. आणि पावसाळ्यात गोचीड बोटांच्या बेचक्यात, कानाच्या घडीत. पंजा हातात दिला तरच दिसणार ना. गोचिडांच्या तापाने धडधाकट कुत्री जातात.

मनीमाऊ | ११ जुलै, रात्री ९:३३

मांजर पाळा. स्वतःचं ग्रूमिंग स्वतः करतं आणि तुमच्याकडे तुच्छतेने बघतं. वरून गोचिडांचं कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका, त्यातल्या परमेथ्रिनने मांजर मरू शकतं. हे मात्र गंमत नाही.

मिरजेची_मीनल | २७ जुलै, रात्री १०:४०

मंडळी, प्रगती कळवते.

ड्रॉवर: भीती गेली, आता उलटा त्रास आहे. चमचे काढायला कोणताही ड्रॉवर उघडला की तात्या हजर. ब्रश: पाठ, मान, पोट छान. शेपटीजवळ अजून वळून बघतो, तिथे थांबते. हनुवटी टेकवणं हे त्याचं सगळ्यात आवडतं काम झालंय, बोलावलं नाही तरी येऊन कोणाच्याही तळहातावर डोकं ठेवतो. सासऱ्यांच्या हातावर ठेवलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा 'तात्या' अशी हाक मारली.

पंजे: जैसे थे. खांद्यापासून हात खाली आणला की कोपरापर्यंत ठीक, त्याखाली पाय काढून घेतो.

आणि आंघोळ. पावसात केस वाळतच नाहीत. ड्रायर लावला की थरथरतो. सासूबाई म्हणतात पाण्यात अँटिसेप्टिकचं बूच टाक, वास जातो. टाकू का?

गुरांचा_डॉक्टर | २८ जुलै, सकाळी ७:३०

बूच नको. अंग चाटून ते पोटात जातं, कातडीही जळजळते. माणसांचा शाम्पूही नको, कुत्र्याच्या त्वचेचं रसायन वेगळं, ती कोरडी पडून खाज सुटते. तीन-चार आठवड्यांनी एकदा आंघोळ पुष्कळ झाली. मानेवर टाकायचे गोचिडांचे थेंब वापरत असाल तर त्याच्या आधी-नंतर दोन-दोन दिवस आंघोळ टाळा, लेबल वाचा. कानात पाणी जाऊ देऊ नका. कापूसकाडी आत घालू नका, कुत्र्याच्या कानाची नळी आत काटकोनात वळते, मळ उलट आत ढकलला जातो.

दात पडायचं वय येतंय, चार ते सहा महिने. त्या काळात तोंडाजवळ हात अगदी हलका ठेवा, हिरड्या दुखत असतात.

लेस्टरची_लेक | २८ जुलै, दुपारी ३:१०

ड्रायर: तो जेवत असताना दुसऱ्या खोलीत दार लावून चालू करा. तो खाणं थांबवून मान वर करत नसेल तर दार किलकिलं. असं जवळ आणा, वारा शेवटी, तोही गार आणि मागच्या भागावर. तोंडावर कधीच नाही. तोवर मायक्रोफायबरचा टॉवेल, चोळायचा नाही, दाबायचा. चोळलं की तिथेच गुंता. बाथरूमच्या टाइलवर त्याच्या तोंडाच्या उंचीवर दही नाहीतर पीनट बटर फासा, तो चाटत बसतो तेवढ्यात अंग धुऊन होतं. पीनट बटरच्या डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) लिहिलेलं नाही ना बघा, कुत्र्यांना ते विष आहे.

पंजे अडलेत तर तो नाद थोडा सोडा. एका फळीवर सुताराचा पॉलिश पेपर चिकटवा. फळी तिरकी धरा, खाली खाऊ दडवा, तो पंजाने ओरबाडेल. ओरबाडलं की शाबासकी आणि खाऊ. पुढच्या पायांची नखं तो स्वतःच घासून घेतो. मागच्या पायांना वेळ मिळतो तुम्हाला.

सदाशिव_पेठी | २८ जुलै, दुपारी ३:२५

स्वतःची नखं स्वतः घासणारं कुत्रं, आणि आमच्याकडे नेलकटर जागेवर ठेवत नाही कोणी.

वाचनमात्र_विद्या | २८ जुलै, संध्या. ७:४८

गणपती येतायत. ड्रायरचीच युक्ती ढोल-ताशाला चालेल का? मोबाइलवर अगदी बारीक आवाजात, जेवताना?

पाऊलखुणा | २८ जुलै, रात्री ८:०२

चालेल, आत्ताच सुरू करा. मोबाइलमध्ये तो छातीत घुमणारा ठोका येत नाही एवढं लक्षात ठेवा. मिरवणुकीच्या रात्री त्याला आतल्या खोलीतच ठेवा.

मिरजेची_मीनल | २ ऑगस्ट, रात्री ९:५५

एक अडचण. काल तात्याच्या बोटांच्या बेचक्यात गोचीड सापडला. तो काढायचा म्हणजे पंजा धरायलाच हवा, आणि 'नाही म्हटलं तर थांबा' करत बसले तर गोचीड रक्त पीत बसणार. शेवटी अहोंनी धरलं, मी चिमट्याने काढला. तात्या किंचाळला. मग एवढे दिवस केलं ते वाया गेलं का? म्हणजे मूळ प्रश्न परत तोच: धरायचं की नाही?

तर्कटराव | २ ऑगस्ट, रात्री १०:१०

मी हेच विचारत होतो पहिल्यापासून.

गुरांचा_डॉक्टर | २ ऑगस्ट, रात्री १०:५०

वाया नाही गेलं. गोचीड, जखम, डोळ्यात काही गेलं, अशा वेळी धरावंच लागतं, आणि धरायचं तर दोघांनी, घट्ट, एकदाच, झटपट. पण ही दोन कामं वेगळी ठेवा. जिथे रोज विंचरता ती मॅट, तो ब्रश, हनुवटीचा तो हात, यातलं काहीही अशा वेळी वापरू नका. वेगळी खोली, वेगळा टॉवेल. खाऊची लालूच दाखवून बोलावून पकडू नका, सरळ जाऊन उचला. म्हणजे त्याच्या हिशोबात ती खोली वाईट ठरते, मॅट नाही. मॅटवर तुम्ही त्याला कधीच फसवलेलं नाही, हे त्याच्याकडे शाबूत राहिलं पाहिजे.

काढल्यावर ती जागा डेटॉलने नाही, साध्या मिठाच्या पाण्याने पुसा. गोचीड मुळाशी पकडून सरळ ओढायचा, पिळायचा नाही, रॉकेल ओतायचं नाही. ताप, जेवण सोडणं, हिरड्या पांढुरक्या दिसणं, असं काही वाटलं तर रक्त तपासा. पंजाचं काम उद्यापासून पुन्हा खांद्यापासून सुरू करा, कोपराच्या वरच थांबा काही दिवस.

लेस्टरची_लेक | ३ ऑगस्ट, रात्री १२:२०

डॉक्टरांशी सहमत. पार्लर निवडतानाही हेच विचारा: तो ऐकेना तर तुम्ही काय करता? 'आमच्याकडे सगळी ऐकतात' असं उत्तर आलं तर दुसरं शोधा. 'अर्धवट सोडून पुढच्या आठवड्यात बोलावतो' म्हणणारा चांगला. काचेतून बघू देतात का, गरम हवेच्या पिंजऱ्यात वाळवायला ठेवून माणूस दुसरीकडे जातो का, हेही विचारा. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना तो पिंजरा जिवावर बेततो. पहिल्या खेपेला पूर्ण कटिंग करूच नका. आंघोळ, विंचरणं, डोळ्यांपुढचे केस, बस्स.

काकडआरती | ५ ऑगस्ट, सकाळी ६:१०

पूर्ण धागा वाचला. पार्लरवाले दर वेळी कुत्र्याच्या ढुंगणाजवळच्या ग्रंथी पिळून काढतात, त्याचे वेगळे पैसे लावतात. ते गरजेचं असतं का? सकाळी सकाळी विषय काढल्याबद्दल माफी.

खवय्या_खंडू | ५ ऑगस्ट, सकाळी ८:०५

पोहे खात होतो.

गुरांचा_डॉक्टर | ५ ऑगस्ट, दुपारी १:४०

त्रास नसेल तर गरज नाही. शी करताना त्या आपोआप रिकाम्या होतात. कुत्रं बूड जमिनीला घासत असेल, सारखं तिथे चाटत असेल, तर डॉक्टरकडे न्या. उगाच पिळत राहिल्याने सूज येते. पार्लरवाल्याला आधीच सांगून ठेवा.

वाचनमात्र_विद्या | ९ ऑगस्ट, रात्री ९:००

आमची कॉकर तीन वर्षांची आहे, कानाला हात लावला की चावायला येते. इथे सगळं पिल्लांचं चाललंय. आमचं काही होऊ शकतं का?

पाऊलखुणा | ९ ऑगस्ट, रात्री ९:४०

होतं, फक्त महिने लागतात. पण आधी कान डॉक्टरला दाखवा. कॉकरचे लोंबते कान, आत ओल राहते. दुखत असेल तर कितीही चिकन घाला, उपयोग नाही. आणि तोंडाच्या जाळीची सवय आधी लावा, धापा टाकता येतील अशी पिंजऱ्यासारखी, कापडाची घट्ट नको. जाळीच्या आत दही लावा, ती स्वतः तोंड घालेल. पट्टा लगेच बांधायचा नाही.

वाचनमात्र_विद्या | ९ ऑगस्ट, रात्री ९:५२

उद्याच अपॉइंटमेंट घेते. दही गोड चालेल का?

पाऊलखुणा | ९ ऑगस्ट, रात्री ९:५४

साधं, बिनसाखरेचं.